खानाच्या फौजेबरोबर कुरवंड्याचा घाट उतरताना

कासऱ्याचा एकच वेढा हाताला द्या. दोन देऊ नका; बैल घसरला तर हात सुटायला हवा. दुसरा हात मोकळा राहू द्या, तो पुढे झाडांना, कातळाला आणि कधी बैलाच्या शेपटीला लागणार आहे. वहाणांचे अंगठे घट्ट आहेत ना, एकदा ओढून बघा. आणि पाणी पिऊन घ्या, तहान नसली तरी.

तुम्ही कुरवंड्याच्या पठाराच्या कडेला उभे आहात. शके १५८२, माघाचा शुद्ध पक्ष, पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आलेली. त्यामुळे काल रात्री मुक्कामावर मशाली फारशा लागल्याच नाहीत, चांदण्यातच बैलांना वैरण घातली. इतिहासाच्या पुस्तकात ही तारीख २ फेब्रुवारी १६६१ अशी असते. ती जुन्या इंग्रजी कालगणनेची. आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे धरलं तर आपण फेब्रुवारीच्या मध्याला आहोत. म्हणून थंडी सकाळपुरतीच उरली आहे आणि खालच्या उतारांवर पळसाची लाल ठिणगी इथे-तिथे दिसते आहे. उजव्या हाताला नागफणीचं टोक आकाशात घुसलंय. ते आजच्यासारखंच आहे. बाकी ओळखीचं काही शोधू नका. लोणावळ्याची गर्दी नाही, आयएनएस शिवाजीचं कुंपण नाही, आणि बोरघाटातून आगगाडी यायला अजून २०२ वर्षं आहेत.

समोर जमीन संपते. खाली कोकण आहे, पण ते दिसत नाही, नुसतं धुरकट निळं काहीतरी दिसतं. पठाराच्या कडेपासून नदीच्या पात्रापर्यंत सुमारे ५०० मीटरची खडी उतरण आहे. ती नदी म्हणजे अंबा. इथल्याच डोंगरांतून निघते, पालीवरून, नागोठण्यावरून जाते आणि धरमतरच्या खाडीला मिळते. तिच्या वरच्या अंगाला डोंगरांच्या सोंडा दोन्हीकडून आत आल्या आहेत आणि मधे एक अरुंद घळ तयार झाली आहे. तीच उंबरखिंड. वरून बघताना तिथे खिंड आहे हे कळतच नाही, रानाची एक गडद रेघ तेवढी दिसते.

तुम्ही लढायला आलेले नाही. तुम्ही लमाणांच्या तांड्यातले एक आहात, फौजेला धान्य पुरवणारे. मोगलांच्या मोहिमा ज्यांच्या पाठीवर चालतात ते हे बैल. तुमच्या बैलाच्या पाठीवर हरभरा आहे, घोड्यांची चंदी. मी तुम्हाला सरदाराच्या हत्तीवर किंवा मावळ्याच्या ढालीमागे बसवू शकलो असतो. पण हा घाट समजून घ्यायचा तर ओझं घेऊनच उतरायला हवं. शिवाय या जनावराला आज जे कळेल ते फौजेतल्या बहुतेकांना उशिरा कळणार आहे.

फौज कारतलबखानाची आहे. खान उझबेक, शास्ताखानाच्या विश्वासातला. शास्ताखान गेल्या मे महिन्यापासून पुण्यात लाल महालात तळ देऊन बसला आहे. त्याने चाकणचा संग्रामदुर्ग घेतला, पण त्या एका भुईकोटासाठी फिरंगोजी नरसाळ्याने त्याला जवळजवळ दोन महिने झुंजवलं. आता त्याला डोंगरी किल्ल्यांच्या नादी लागायचं नाही. कल्याण-भिवंडीपासून खालची कोकणपट्टी हवी आहे. त्यासाठी त्याने कारतलबखानाला पाठवलं. वाट लोहगडाच्या बगलेवरून लोणावळ्याकडे आणि तिथून या कुरवंड्याच्या घाटाने खाली. बोरघाट जवळच आहे. पण नेहमीच्या वाटेवर नजर ठेवणारे असणार, आडवाटेने गेलो तर बातमी फुटायच्या आत खाली पोचू, असा खानाचा हिशेब दिसतो. नकाशावर तो चुकीचा नाही. हिशेबात धरला नाही तो उतार.

चला, नंबर आला तुमचा.

पहिली शंभरेक पावलं सोपी वाटतात. कातळ उघडा आहे, पायाला पकड मिळते, वारा छान आहे. मग वाट एकदम डावीकडे वळते आणि एका नाळेत शिरते. इथे मुरमाचा घसारा आहे. पुढे गेलेल्या हजारो खुरांनी तो भुसभुशीत केलाय आणि आता तुमच्या प्रत्येक पावलाबरोबर वीतभर जमीन खाली सरकते. टाच आधी टेकवा, पाय आडवा ठेवा, गुडघा वाकलेला असू द्या. ताठ पायाने उतरलात तर दणका थेट कमरेत जाईल.

बैलाकडे बघा. गोणी त्याच्या पाठीवर आडवी टाकली आहे, दोन्ही बाजूंना सारखी लोंबणारी. सपाटीवर ती हलत नाही. उतारावर ती पुढे सरकते आणि थेट मानेवर येते. ती अडवायला शेपटीखालून एक दोर घेतलेला आहे, आणि आता सगळं वजन त्या एका दोरावर आलंय. दोर कातडीत रुततो. बैल पुढचे दोन्ही पाय जुळवून थांबतो, नाकाने खालचा दगड हुंगतो, एक खूर टेकवतो, परत उचलतो, दुसरीकडे टेकवतो. मग मागचं धूड खाली सोडतो. त्याला ओढू नका. मागे जाऊन शेपूट धरा आणि तुमचं वजन मागे टाका, तेवढाच त्याला आधार. हातभर अंतर उतरायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागणारच.

घोड्यांची अवस्था याहून वाईट आहे. स्वार कधीच उतरले आहेत, लगाम धरून चालत आहेत. सह्याद्रीचा काळा बसाल्ट पाण्याने आणि पायांनी जिथे गुळगुळीत झालाय तिथे लोखंडी नाल धरत नाही. तुमच्या पुढचा घोडा एका पायरीवर मागच्या पायांनी घसरला, बसला, आणि उठताना त्याच्या डोळ्यांचं पांढरं दिसलं. त्याचा स्वार त्याच्या मानेला कवटाळून फारसीत काहीतरी पुटपुटतोय. या माणसाने मैदानावर दौड करताना कोणाला मागे टाकलं नसेल असं नाही. इथे तो तुमच्याइतकाच वेगाने चालतो.

आता थोडं गणित करू, कारण ते इथेच उभं राहून करण्यासारखं आहे. वाट एका जनावरापुरती. घोडा आणि त्याच्या मागचं मोकळं अंतर मिळून तीन मीटर धरा, उतारावर याहून कमी अंतर ठेवलं तर मागचा पुढच्यावर जाईल. म्हणजे हजार घोड्यांची रांग तीन किलोमीटर लांब. त्यात पायदळ, ओझ्याचे बैल, तंबू, बाजारबुणगे मिळवा. पुढची तुकडी नदीत उतरते तेव्हा शेवटची तुकडी अजून पठारावर आपला नंबर यायची वाट बघत असते. खानाकडे माणसं किती होती यावर आपल्याकडे फार हौसेने बोललं जातं. वीस हजार म्हणा, तीस म्हणा, आकडा जितका मोठा तितका विजय मोठा वाटतो. पण या वाटेवर आकडा मोठा असणं हेच संकट आहे. फौज जितकी मोठी तितकी रांग लांब, आणि रांगेतल्या कुठल्याही माणसाजवळ लढायला दोनच माणसं, एक पुढचा आणि एक मागचा. पठारावर होती ती फौज होती. उतरते आहे ती एकामागून एक चालणारी, दमलेली, सुटी माणसं आहेत.

आडात पोहरा सोडतो तशी ही फौज खाली सोडली जाते आहे. दोराचं वरचं टोक कोणाच्या हातात आहे, एवढाच प्रश्न. खानाने घाटमाथा राखायला पुरेशी माणसं ठेवली असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

कारवीचं रान लागलं. ही डोक्याहून उंच झुडपं, पानं वाळून खडखडीत झालेली. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही कारवी आज फुललेली नाही, नुसत्या काठ्या आहेत. आधाराला बऱ्या आहेत. तोल जाईल तेव्हा एक नाही, चार-पाच काठ्या एकदम मुठीत धरा, एकटी काठी मुळासकट हातात येते. वारा आता थांबला. वरच्या कड्याने तो अडवलाय. दर दहा-वीस पावलांनी हवा जाड होत जाते आणि पाठीचा कणा ओला होतो. घाटमाथ्याची हवा संपली, ही कोकणची.

पुढे एक बर्कंदाज थांबलाय. त्याच्या खांद्यावर लांब नळीची बंदूक, आणि तोडा विझवलेला. त्याला दुसरा इलाज नाही. या वाळल्या रानात पेटता तोडा घेऊन घसरलात तर अख्खी सोंड पेट घेईल, फौज आगीत सापडेल. पण तोडा विझला की बंदूक म्हणजे वजनदार काठी. चकमक काढा, ठिणगी पाडा, तोडा फुलवा, मग बार भरा. एवढा वेळ कोणी देणार आहे का, हा प्रश्न तो स्वतःला विचारतोय की नाही माहीत नाही. तो फक्त विचारतो, "पाणी आहे?"

तुमच्याकडे अर्धा चामडी बुधला आहे. द्या त्याला दोन घोट. नंतर पस्तावाल, तरी द्या.

अर्ध्यात आलात. मांड्या थरथरायला लागल्या असतील. चढताना दम लागतो आणि माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून थांबावंसं वाटत नाही, आणि पाय नकळत संपतात. प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणत ताणत शरीराचा भार झेलतात. हे काम चढण्याहून जास्त मोडणारं आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्या कोणालाही विचारा, चढ माणसाला दमवतो आणि उतार पाडतो. खाली पोचल्यावर सपाट जमिनीवर उभं राहिलं तरी पाय आपले वाटत नाहीत. ही फौज लढायला उभी राहणार आहे ती असल्या पायांवर.

मावळ्यांचे पाय वेगळे होते असं आपण म्हणतो, आणि ते खरंही आहे, पण मला वाटतं त्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरी होती. आज त्यांना उतरायचंच नाही. ते आधी येऊन बसले आहेत. ज्याला जागा निवडता आली त्याने पायांचा प्रश्न आदल्या दिवशीच सोडवला.

थांबा. ऐकलंत? समोरच्या सोंडेवर वानरं ओरडली. खॉक, खॉक, मग एकदम शांत. वानर असं ओरडतं ते बिबट्या दिसला तर किंवा माणूस दिसला तर. आपली रांग या बाजूला आहे, त्या सोंडेवर आपलं कोणी नाही. दुपारचा बिबट्या? असेल. तांब्याची भांडी ठोकल्यासारखा तांबट पक्षी इतका वेळ टुकटुक करत होता, तोही थांबलाय.

रांगेच्या पुढे वाटाड्या म्हणून धरून आणलेला एक जण होता. ठाकर किंवा कातकरी असावा, कमरेला लंगोटी, हातात कोयता. सकाळी त्याला तुम्ही विचारलं होतं, "बाबा, खाली पाणी कुठं लागंल?" तो म्हणाला होता, "नदीत हाय. पर नदीत बी थोडंच हाय." एवढं बोलून तो पुढे गेला. आता पुढून निरोप येतोय की वाटाड्या दिसत नाही. कारवीत शिरला तो शिरलाच. निरोप रांगेतून मागे जाताना तुम्ही बघताय. एक तोंड दुसऱ्या कानाला लागतं, दुसरं तिसऱ्याच्या, आणि वर पठारापर्यंत तो पोचायला किती वेळ लागेल याचा अंदाज करा. खान कुठे आहे? पुढे की मागे? तुम्हाला माहीत नाही. तुमच्या पुढच्यालाही माहीत नाही.

परतायचं म्हटलं तर? मागे बघा. तुमच्या बैलाला इथे वळायला जागा नाही. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला घळ. वर अजून शेकडो जनावरं उतरत आहेत. खाली जाणं एवढीच एक दिशा शिल्लक आहे.

सव्वा वर्षापूर्वी अशीच एक फौज अशाच उतारावरून खाली उतरली होती. वाईहून जावळीत जाताना रडतोंडीचा घाट उतरून अफझलखान कोयनेच्या खोऱ्यात पारला आला, त्याचं पुढे काय झालं ते साऱ्या दख्खनला ठाऊक आहे. रात्री तळावर त्या गोष्टी दबक्या आवाजात निघत होत्या. मराठी बोलणारी माणसं या फौजेत कमी नाहीत. माहूरची रायबागन तर घोड्यावर बसून आलेली आहे. सावित्रीबाई तिचं नाव, पती गेल्यावर जहागीर आणि तलवार दोन्ही तिने सांभाळली, आणि रायबागन हा किताब तिला औरंगजेबाने दिला. पठारावर ती कडेला उभी राहून बराच वेळ खाली बघत होती, असं आपण समजू. वऱ्हाडच्या मुलखात वाढलेल्या बाईला ही दरी बघून काय वाटलं असेल ते तिने थोड्या वेळात बोलून दाखवलंच.

शेवटचा टप्पा. रान उंच होतं, ऐन, किंजळ, मधेमधे साग, आणि पायाखाली पाचोळा. पाचोळ्यावर पाय पडला की चर्र आवाज होतो. लपलेल्या माणसाने कूस बदलली तरी आवाज व्हावा असं हे रान. मग ते इतके तास कसे बसून राहिले असतील? चूल पेटवायची नाही, धूर दिसेल. खोकायचं नाही. कोरडी नाचणीची भाकरी चावायची आणि हलायचं नाही. खिंडीतली लढाई सांगताना आपण तलवारी मोजतो. मला ते बसणं फार मोठं वाटतं. तुमच्या डाव्या हाताला पंधरा पावलांवर, त्या करवंदीच्या जाळीमागे, कदाचित एक जण आहे. तो तुमच्या बैलाच्या पायाकडे बघतोय. तो लमाणावर बाण टाकणार नाही, त्याला दिलेली खूण अजून आलेली नाही.

लागलं पात्र. अंबा नदी या दिवसांत म्हणजे गोटे. गाडीएवढाले, रांजणाएवढे, नारळाएवढे, सगळे पांढरट, सगळे तापलेले. मधून पाण्याची एक धार, कुठे डबकं. पुढे आलेल्या घोड्यांनी ते डबकं ढवळून चिखल करून टाकलंय. तुमचा बैल तरी तोंड घालतो. घालू द्या. दोन्ही अंगांना डोंगर चढत गेले आहेत आणि वर आभाळाची एक पट्टी राहिली आहे. पुढे पात्र अजून अरुंद होतं. तिथे रांग थांबली आहे. का थांबली कोणाला माहीत नाही. मागून मात्र माणसं येतच आहेत, आणि थांबलेल्या रांगेवर येऊन आदळत आहेत.

आज तुम्ही इथे आलात तर खोपोली-पाली रस्त्याने शेमडीवरून चावणीपर्यंत गाडी येते. नदीच्या पात्राजवळ समरभूमीचं स्मारक आहे, लोक फुलं वाहतात, फोटो काढतात, अर्ध्या तासात परत. ते जरूर करा. पण खालून गाडीने आलेल्या माणसाला ही जागा एक रम्य ओढा वाटते, यात त्याचा दोष नाही. घाट उतरून याल, पाय लटपटत याल आणि पाणी संपलेलं असेल, तरच मान वर करून या डोंगरांकडे बघताना पोटात काय होतं ते कळेल. माथ्यावरून उतरायचं तर माहितगार सोबत घ्या, फेब्रुवारीत पहाटे निघा, आणि पाणी जेवढं वाटतं त्याच्या दुप्पट घ्या.

पहिला आवाज नगाऱ्याचा होतो. एकच नगारा, पण दरीत तो चारही बाजूंनी येतो, कुठून वाजतोय ते ठरवता येत नाही. मग शिंगं. मग वरून दगड सुटतात. गडगडत येणाऱ्या दगडाचा आवाज आधी येतो आणि दगड नंतर, त्या मधल्या क्षणात पळायची दिशा ठरवायची असते आणि दिशा नसते. बैलाच्या पोटाशी बसा, कातळाच्या आडोशाला. बाण येतात, बंदुकांचे बार होतात. झाडीत धूर दिसतो, माणूस दिसत नाही. तुमच्या मघाच्या बर्कंदाजाने चकमक काढली आहे, हात थरथरतोय, ठिणगी पडत नाही. कोणीतरी हुकूम देतंय, कोणीतरी दुसराच हुकूम देतंय. धीट शिपाई झाडीत घुसायला बघतात, चढ अंगावर येतो, चार पावलांत पाय मोडतात, आणि वरचा माणूस निवांत नेम धरतो. ही लढाई वर्णन करण्याइतकी लांब नाही. जे व्हायचं होतं ते उतरतानाच होऊन गेलं होतं.

कवींद्र परमानंदांनी 'शिवभारत' या संस्कृत काव्यात हा प्रसंग सविस्तर रंगवला आहे. ते शिवाजी महाराजांच्याच पदरी होते, त्यांच्याच सांगण्यावरून लिहीत होते. शतकानुशतकं हे काव्य तंजावरच्या पोथ्यांत पडून होतं, स. म. दिवेकरांनी ते १९२७ साली मराठी अनुवादासह छापलं, तेव्हा ते आपल्या हाती आलं. त्यात महाराज घोड्यावर आहेत, अंगात चिलखत, जवळ धनुष्य आणि तलवार. वय अजून एकतीसही पूर्ण नाही. तुम्हाला ते इथून दिसणार नाहीत, तुम्ही गोट्यांमागे आहात. मात्र त्या काव्यात मला सगळ्यात खरी वाटते ती रायबागन. कवी शत्रूपक्षाचा, आणि तरी त्या सगळ्या फौजेत शहाणपण त्याने एका बाईच्या तोंडी दिलं. ती खानाला सरळ सांगते की शिवाजीच्या रानात आपण आपल्या पायांनी चालत आलो, इथे आता शौर्य दाखवणं म्हणजे एवढ्या माणसांना उगाच मारणं आहे, शरण जा आणि यांचे जीव वाचव. पराभूत सरदाराला असं सांगायला तलवार चालवण्याहून जास्त धाडस लागतं. आणि खानाने ते ऐकलं, ही त्याचीही थोरवी म्हणायला हवी.

वकील पांढरं निशाण घेऊन वर जातो. नगारा थांबतो. दगड थांबतात. आता कळतं की इतका वेळ तुम्ही बैलाचा कान घट्ट धरून ठेवला होता. सोडा.

अभय मिळतं. अट अशी की शस्त्रं आणि सामान सगळं इथेच ठेवायचं, जीव घेऊन जायचं. खिंडीत आता एक विचित्र काम सुरू होतं. पात्रातल्या गोट्यांवर तलवारी, ढाली, भाले, बंदुका यांचे ढीग लागतात. घोड्यांचे लगाम दुसऱ्यांच्या हातात जातात. झाडीतून माणसं बाहेर येतात आणि तुम्हाला आश्चर्य वाटतं ते त्यांच्या संख्येचं. किती थोडी! अंगावर धूळ, पायांत काहीच नाही किंवा वहाणा, डोळे जागरणाने लाल. तुमच्या डाव्या हाताच्या करवंदीमागून खरंच एक जण उठतो. पोरसवदा आहे. तो आधी पाय झटकतो, बसून बधिर झालेले. मग थेट त्या ढवळलेल्या डबक्याकडे जातो आणि ओंजळीने पाणी पितो. तहान त्यालाही लागली होती.

कत्तल होत नाही. शरण आलेल्यांना जाऊ देणं हा दयेचा भाग होताच, त्यात हिशेबही होता असं मला वाटतं. निःशस्त्र होऊन पुण्याच्या तळावर परतलेला प्रत्येक शिपाई या उतरणीची गोष्ट सांगणार, आणि पुढच्या सरदाराला घाट उतरायचा हुकूम मिळेल तेव्हा त्याच्या लोकांच्या पायांना ती आठवणार. महाराज स्वतः इथे रेंगाळणार नाहीत. इथून ते दाभोळ, संगमेश्वर, राजापूर असे दक्षिण कोकणात उतरतील. या वर्षाच्या वसंतात राजापूरच्या इंग्रजांना त्यांची भेट होईल. पन्हाळ्यावर तोफा डागायला मदत केल्याचा जाब अजून द्यायचा राहिलाय.

शिपाई निघाले, हात मोकळे, मान खाली. तुम्ही मात्र सामानात मोडता. गोणी, बैल आणि बैलाचा कासरा धरणारा माणूस. नदीच्या काठाला उंबराखाली एक कारकून मांडी घालून बसलाय, मांडीवर कागद, कानाला बोरू. एकेक जनावर त्याच्यासमोरून नेलं जातं. तो मान वर न करता मोडीत ओळ ओढतो आणि विचारतो.

"गोणीत काय?"

"हरभरा. घोड्यांची चंदी."

"किती गोणी तांड्यात?"

तुम्ही सांगता. तो लिहितो, मग पहिल्यांदाच मान वर करून बैलाकडे बघतो. शेपटीखाली दोर रुतून कातडी सोलवटली आहे, तिथे माश्या बसायला लागल्यात.

"दोर सोडा त्याचा आधी," तो म्हणतो. "हळद लावा, पलीकडं लोहाराजवळ हाय. मंग पाण्यावर न्या. आपले घोडे बी सकाळपास्नं उपाशी हायेत, एक गोणी हितंच फोडा."

तुम्ही दोराची गाठ सोडायला घेता. भिजून, ताणून ती इतकी आवळली आहे की नखाने सुटत नाही. करवंदीमागचा तो पोरगा जवळ येतो, कमरेची सुरी काढतो आणि दोर कापतो. गोणी धपकन खाली येते. बैल चारही पायांवर नीट उभा राहतो, अंग झाडतो, आणि तुम्ही दोघं मिळून गोणीचं तोंड उसवायला लागता.